शाईनं काढलेली रेघ

आमच्या घरात मारहाण ही काही विशेष गोष्ट नव्हती. कुणाच्या गालावर बोटं उमटलेली दिसली तरी कुणी काही विचारायचं नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेलं, नंतरच्या पिढ्यांनी कारकुनी केली, वर्कशॉपात नोकऱ्या केल्या. पण घरातल्या पुरुषानं हात उचलायचा हक्क कुणी काढून घेतला नाही, तो तेवढा शिल्लक राहिला.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो ते करत. त्यात केसाएवढी चूक चालत नसे, आणि बाबांना ती घरातही चालत नसे. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते वाद्यं दुरुस्त करायचे. व्हायोलिन, दिलरुबा, पेटी, जे येईल ते. बडोद्यातले गाणारे-वाजवणारे लोक त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत आणि त्यांच्या हातून गेलेल्या वाद्याबद्दल पुन्हा कुणाला विचारत नसत.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो तेरा वर्षांचा झाल्यावर बाबांनी त्याला हाताखाली घेतलं. त्याला घाई फार. एका रविवारी एका व्हायोलिनची वरची फळी पातळ सुरीनं उचकटून काढायची होती. ते काम सुरी सरकू देत, थांबत थांबत करायचं असतं. दादानं जोर लावला आणि फळी उभी चिरली. बाबांच्या हातात काटकोन बघायचा लाकडी गुण्या होता. त्यांनी तो दादाच्या डाव्या कानावर मारला. एकदाच. कानातून रक्त आलं, ते मानेवरून सदऱ्यात गेलं, आणि त्या कानानं दादाला पुढं कधी नीट ऐकू आलं नाही.

दुसऱ्या रविवारी बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, “तू ये. तुझा हात हलका आहे.” मी नऊ वर्षांची होते. मी गेले आणि दादाच्या स्टुलावर बसले. मी खुशीनं गेले होते, हेही लिहायला हवं.

पुढं आई गेली. मी संगीताच्या कॉलेजात व्हायोलिन शिकले, एका शाळेत शिकवायला लागले आणि संध्याकाळी बाबांच्या बाकावर दुरुस्त्या करू लागले. बाबा निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच उद्गार उरला, ‘हट्’. भूक लागली तरी हट्, पाणी हवं असलं तरी हट्, राग आला तरी तेच. आम्ही स्वरावरून ओळखायचो.

दादा हायवेकडच्या एका केमिकल कारखान्यात होता. नव्वदीच्या त्या वर्षांत तसे बरेच कारखाने बंद पडले. एके सकाळी गेटवर नोटीस लागली. दादानं सुपरवायझरच्या स्कूटरचा आरसा, दिवा आणि सीट दगडानं फोडली आणि घरी येऊन जेवला. नंतर तो जुन्या सामानाच्या धंद्यात पडला. तेव्हा जुने बंगले पाडून अपार्टमेंट उठत होती. पाडायच्या आधी आवारात लिलाव व्हायचा. घरचे लोक नवे सोफे आणि केबलची जोडणी घेण्याच्या घाईत असायचे, आणि मुंबईत कुणाला तरी तेच जुनं सामान हवं असायचं. दादानं हे बरोबर हेरलं होतं.

वहिनी बडोद्याजवळच्या पाद्रा गावची. लग्नाला सात वर्षं झाली होती. मार खाताना ती ओरडत नसे. भिंतीकडं तोंड करून उभी राहायची आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायची. मी आतल्या खोलीत रियाजाला बसलेली असायचे. आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी व्हायोलिनचा गज जोरात ओढायचे. शेजारपाजारचे लोक म्हणत, मुलगी फार मेहनती आहे.

एका थंडीच्या सकाळी दादा म्हणाला, “चल माझ्याबरोबर. तिथं वाजवायचं सामान आहे म्हणे.” मी स्कूटरवर मागं बसले. बंगला मोठा होता, खिडक्यांच्या चौकटी आधीच काढून नेलेल्या. व्हरांड्यात सगळं मांडलं होतं. झुंबराचे लोलक एका बादलीत, खोगिरं, हरणाचं डोकं, ग्रामोफोनचा कर्णा. लिलाव पुकारणारा गळ्यात रुमाल अडकवून खुर्चीवर उभा होता. त्यानं एक काळी पेटी उघडली आणि आतलं व्हायोलिन मानेला धरून वर केलं. कोंबडी धरावी तसं.

दादा पुढं घुसला, व्हायोलिनच्या छातीवरच्या फटीत बॅटरी मारून आत बघून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “लेबल आहे,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “इटलीचं. सतराशे काहीतरी.” जे नाव त्यानं अडखळत वाचलं, ते जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कारागिरांपैकी एकाचं होतं.

मी म्हणाले, “दादा, नको. लेबल कुणीही चिकटवतं. असली लेबलं छापखान्यात हजारांनी निघालीत.”

मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते. त्याला ऐकू गेलं नाही. मी मुद्दाम त्या बाजूनं बोलले का, हे मला आजही सांगता येत नाही.

बोली सुरू झाली. मांडवीकडचा एक फर्निचरवाला दादाच्या वर चढत राहिला. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्यानं तोंड उघडलं तेव्हा दादा त्याच्यापर्यंत पोचला होता. त्यानं त्या माणसाला शर्टाला धरून खांबावर आपटलं. बटणं तुटून फरशीवर उडाली.

“मोढुं बंद राख,” दादा हळू आवाजात म्हणाला.

कुणी मध्ये पडलं नाही. तो माणूस खांबाला टेकून नुसता धापा टाकत होता. खुर्चीवरचा रुमालवाला घाईघाईनं म्हणाला, “एक वार, बे वार, त्रण वार,” आणि व्हायोलिन आमचं झालं. परत येताना ते माझ्या मांडीवर होतं. दादा स्कूटर चालवताना मोठ्यानं गात होता. गाताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

तीन दिवस त्यानं ते कुणाला हात लावू दिलं नाही. कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली. मग शुक्रवारी सकाळी पत्र्याच्या खोलीत आणून माझ्यासमोर बाकावर ठेवलं.

“रविवारी मुंबईची पार्टी येतेय,” तो म्हणाला. “तू बघ आणि कागद लिहून दे. असली माल आहे म्हणून. खाली बाबांचा शिक्का मार.”

“आधी बघू दे तर खरं.”

“बघ ना. बघायला कोण नाही म्हणतंय?”

बाबांची खाट आम्ही रोज सकाळी त्याच खोलीत, दाराशी उन्हात आणून ठेवायचो. ते उशीला टेकून बसले होते. कोपऱ्यात रॉकेलच्या स्टोव्हवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं तापत होतं. शाळेच्या एका व्हायोलिनची कड सुटली होती, ती मला त्या दिवशी चिकटवायची होती. सरस थेट विस्तवावर ठेवत नाहीत. मोठ्या लोखंडी भांड्यात पाणी, त्यात सरसाचं लहान भांडं. त्या दिवशी ते पाणी चांगलं खदखदत होतं. मला स्टोव्ह बारीक करायची आठवण राहिली नव्हती.

मी व्हायोलिन उचललं. हातात घेताच ते जड लागलं. चांगलं व्हायोलिन उचलताना हात नकळत वर जातो, इतकं ते हलकं असतं. मी खिडकीशी गेले. बाबांनी शिकवलं होतं, पुढचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचं, कारण खोटं तिथं सगळ्यात जास्त असतं. म्हणून आधी डोकं बघितलं. शंखासारखी गुंडाळी समोरून ठीक होती, पण मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही, तिथं कोरणाऱ्यानं काम अर्धवट सोडलं होतं. बोटं ठेवायच्या पट्टीला काळा रंग फासला होता. बोटं घासून रंग उडालेल्या जागी खालून पांढरं लाकूड दिसत होतं. आबनुसाचं लाकूड असतं तर शंभर वर्षांतही काळंच राहिलं असतं. पाठीवरचे वाघाच्या पट्ट्यांसारखे चट्टे लाकडाचे नव्हते, ब्रशानं ओढलेले होते.

मग दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला आरसा फटीतून आत घातला आणि बॅटरी लावली. वरच्या फळीला आतून एक लांब दांडा असतो, तो वेगळा करून बसवतात. इथं फळी कोरतानाच तेवढा भाग उंच ठेवून दिला होता, म्हणजे एका तुकड्याचं आणि दोन दिवसांचं काम वाचलं. चार कोपऱ्यांत आधाराला लाकडाचे ठोकळे असायला हवेत, ते नव्हतेच. आतल्या बाजूला पटाशीचे ओरखडे तसेच होते, रंधासुद्धा फिरवला नव्हता. आणि त्या सगळ्यावर ते लेबल, चहाच्या पाण्यानं पिवळं केलेलं.

मला हे सगळं ओळखीचं होतं. बाबा सांगायचे, जर्मनीकडच्या खेड्यांत घरोघरी असली व्हायोलिनं करायचे. एका घरात नुसत्या माना, दुसऱ्या घरात नुसत्या पाठी, आणि जोडणारा तिसराच. डझनांनी जहाजात चढायची. आपल्याकडच्या बँडवाल्यांनी आणि हौशी साहेब लोकांनी ती घेतली. वाईट वाद्य नव्हतं ते. शिकणाऱ्या मुलाला चाललं असतं.

राहिली होती कडेची रेघ. व्हायोलिनच्या कडेनं एक काळी बारीक दुहेरी रेघ फिरते. ती रेघ नसते, खाचेत बसवलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या असतात. फळीला कडेकडून आत चीर जाऊ नये म्हणून त्या असतात. मी फडक्याचं टोक ओलं केलं आणि खालच्या कडेला, जिथं पॉलिश झिजलं होतं, हलकेच फिरवलं. फडकं काळं झालं. रेघ शाईची होती.

दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. मी फडकं त्याच्यापुढं धरलं.

“बघ. पेननं काढलीय. दादा, हा स्वस्तातला माल आहे. शंभर वर्षांचा असेल, पण इटलीचा नाही आणि त्या माणसाचा तर नाहीच नाही. मी कागद नाही लिहू शकत.”

तो फडक्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “तू पुसलीस.”

“अरे, पुसली जाते म्हणजेच...”

“तू पुसलीस! होती ती रेघ तू पुसून टाकलीस!”

पहिली थप्पड उजव्या गालावर बसली. मी बाकावर आपटले, आरसा खाली पडून फुटला. त्यानं व्हायोलिन माझ्या हातातून ओढून घेतलं आणि बाबांच्या खाटेशी गेला. गुडघ्यावर बसला. दादाला मी तेवढ्या मऊ आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

“बाबा, तुम्ही बघा. हिला काय कळतं? तुम्ही सांगा. मी आणलंय.”

त्यानं व्हायोलिन बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी डावा हात उचलला. आधी पाठीवरून फिरवला, मग कडेनं अंगठा नेला. बोटाच्या सांध्यानं वरच्या फळीवर दोनदा ठोकून कान दिला. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. अर्ध्या चेहऱ्यानं ते हसले. व्हायोलिन मांडीवरून ढकलून देत म्हणाले, “हट्.”

स्वर चुकण्यासारखा नव्हता. लहानपणापासून आम्ही दोघांनी तो ऐकला होता.

दादा उठला. “हसतो,” तो म्हणाला. “म्हातारा हसतो माझ्यावर.” त्यानं बाबांना सदऱ्याला धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. बाबांचं डोकं पत्र्यावर आदळलं, सगळी खोली दणाणली. पुन्हा आपटलं. बाबांचा उजवा हात नुसता लोंबत होता. मी दादाचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि मागं खेचू लागले. त्यानं बाबांना सोडलं. ते खाटेवर आडवे कोसळले. मग तो माझ्याकडं वळला आणि त्यानं माझा डावा पंजा पकडला.

“याच हातानं वाजवतेस ना?”

मी म्हणाले, “दादा, नको.” या वेळी मी त्याच्या उजव्या बाजूला होते. त्यानं मधलं बोट आणि शेजारचं बोट मुठीत धरून मागं वाकवली. एवढंच आठवतं की तो घाई करत नव्हता. आवाज आला, कड्. मग दुसरा. दुखणं त्यानंतर आलं. मी खाली बसले आणि मला उलटी झाली.

वहिनी दारात उभी होती. ती बाबांचा चहा घेऊन आली होती. तिनं कपबशी बाकावर ठेवली, सांडू न देता. स्टोव्हपाशी गेली. पदर दुमडून हाताला गुंडाळला, लोखंडी भांडं आतल्या सरसासकट उचललं आणि दादाच्या मागं येऊन उभी राहिली. तो माझ्याकडं बघत होता. तिनं ते भांडं फेकलं नाही. तिनं ते ओतलं, त्याच्या मानेवर, डाव्या खांद्यावर, पाठीवर, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

दादाची किंकाळी मी कधी विसरणार नाही. पाणी ओघळून जातं. सरस जात नाही, तो चिकटतो आणि निवेपर्यंत भाजत राहतो. त्यानं शर्ट ओरबाडून काढला तेव्हा शर्टाबरोबर कातडीही आली. तो जमिनीवर लोळत होता, बाकाचा पाय धरून ओरडत होता. वहिनीनं भांडं परत स्टोव्हवर ठेवलं आणि स्टोव्ह विझवला.

शेजारच्या गुजराती काकी धावत आल्या. “हाय हाय, शुं थयुं?”

“दाझी गया छे,” भाजलंय, एवढंच वहिनी म्हणाली. “काकी, रिक्षा बोलावो ने.”

सरकारी दवाखान्यात आम्हाला वेगवेगळं बसवलं. दादाला आत नेलं, मला हाडाच्या डॉक्टरकडं. बाबांपाशी काकी थांबल्या होत्या. बाबांच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं, जखम नव्हती. भाजल्याची केस म्हणून एक हवालदार आला. दादा पालथा पडला होता, पाठीवर पांढरं मलम, चेहरा कडेला. हवालदारानं विचारलं, कसं झालं?

“पाय अडकला,” दादा म्हणाला. “स्टोव्हवर पडलो.”

वहिनी पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, “खोटुं बोले छे. में नाख्युं छे.” मीच ओतलं, असं.

हवालदारानं वही खाली केली, दादाकडं बघितलं. दादानं डोळे मिटून घेतले. बायकोनं भाजलं हे कागदावर येण्यापेक्षा त्यानं मरण पत्करलं असतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. हवालदारालाही कळलं असावं. तो जवळजवळ प्रेमानं म्हणाला, “बेन, तमे बहार बेसो.”

मग मला विचारलं. मी म्हणाले, “भावानं मोडली. दोन्ही. धरून.” त्यानं मान हलवली आणि लिहिलं. पुढं कागद हातात आला तेव्हा वाचलं, ‘घरकाम करताना पडल्यामुळे’.

वहिनी दवाखान्याच्या फाटकातूनच पाद्र्याला माहेरी गेली. अंगावरच्या साडीनिशी. बसच्या दिशेनं दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, “वन्सं, बाबांचं दुपारचं औषध राहिलंय. पिवळी गोळी. अर्धी करून द्या.”

रविवारी मुंबईची पार्टी खरंच आली. दादा वॉर्डातच होता. मी कोपरापर्यंत प्लॅस्टर घालून दार उघडलं. गोरा, गुबगुबीत, नम्र माणूस. दादाला बरं नाही, एवढंच मी सांगितलं. त्याला पत्र्याच्या खोलीत नेलं. शुक्रवारपासून व्हायोलिन खाटेखाली पडलं होतं. तारांखालची घोडी निखळली होती, बाकी धड होतं. त्यानं ते हात लांब करून धरलं आणि चित्र बघावं तसं बघितलं. आत डोकावलासुद्धा नाही.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. दांडा, ठोकळे, रंगवलेले चट्टे, शाईची रेघ. तो हसून ऐकत राहिला.

“अहो ताई, वाजवायचंय कुणाला? नवीन हॉटेल होतंय, त्याच्या भिंतीवर टांगायचंय. जुनं दिसलं की झालं. आतलं कोण बघतं?”

“मग कागद कशाला मागितला तुम्ही?”

“कसला कागद?”

“असली आहे म्हणून. बाबांच्या शिक्क्याचा.”

“मी नाही मागितला,” तो गोंधळून म्हणाला. “उलट भाऊंना फोनवर सांगितलं, कागदबिगद काही नको, तसंच घेऊन जाईन.”

मी बाकाला टेकले. म्हणजे कागद या माणसासाठी नव्हता. या बाकावरून, या घरातून, दादानं आणलेल्या वस्तूला एकदा चांगलं म्हणावं, एवढ्यासाठी त्याला तो हवा होता. मी फडकं नाचवत त्याला शाई दाखवली होती आणि मला ते दाखवताना बरं वाटलं होतं. हे त्या क्षणी मला लख्ख आठवलं. वाईट वाटलं असं मी लिहिणार होते, पण तसं झालं नाही. राग आला. दादाचा, बाबांचा, त्या गुबगुबीत माणसाचा, स्वतःचा. कुणाचा किती ते मला वेगळं काढता येईना.

मी त्याच्या हातातून व्हायोलिन घेतलं. उजव्या हातानं मानेला धरलं आणि बाकाच्या कडेवर आपटलं. नुसता बद्द आवाज आला. लाकूड जाड होतं, स्वस्त माल लवकर फुटत नाही. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा कडेची एक फासळी उघडली. तिसऱ्यांदा पाठ फुटली. मग मी थांबलेच नाही. तारा सुटून माझ्या मनगटाला लागल्या, तुकडे खोलीभर उडाले, प्लॅस्टरमधली बोटं ठणकत होती आणि मी मारत होते. मान तेवढी हातात राहिली तेव्हा भानावर आले. तो माणूस फाटकापर्यंत मागं सरला होता. चपला घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला.

बाबा खाटेवरून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मी भीती पाहिली. माझी भीती. मला सांगायला लाज वाटते, पण तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं. घरातल्या पुरुषांना इतकी वर्षं काय मिळत होतं ते मला कळलं.

त्या महिन्यात मी हरणीकडच्या एका सोसायटीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि बाबांना तिकडं नेलं. प्लॅस्टर निघालं. शेजारचं बोट सुधारलं, मधलं अर्ध्यावरच वाकायचं. त्या बोटानं तार दाबली की सूर थोडा खाली बसायचा. मी चार महिने झगडले. मग माझं व्हायोलिन शाळेला देऊन टाकलं. दुरुस्तीचं काम मात्र उजव्या हाताचं असतं, ते राहिलं.

दीड महिन्यानं वहिनी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मी म्हणाले, “दादा इथं नाही.”

“माहीत आहे. म्हणूनच आले.”

पाण्याचा पेला दिला. तो संपवून ती म्हणाली, “माझा भाऊही वहिनीला मारतो. मला आधी माहीत नव्हतं. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. ऐकत बसणं मला जमलं नाही.”

ती ‘तुमच्यासारखं’ म्हणाली नाही. पण मी मान खाली घातली. ती तयार कपड्यांच्या एका युनिटात घड्या घालायच्या कामाला लागली, पुढं तिथंच सुपरवायझर झाली. एकदा मी तिला रविवारची गोष्ट सांगितली, व्हायोलिन कसं फोडलं ती.

“वन्सं, मला बोलवायचं नाही का?”

आम्ही दोघी हसलो. बराच वेळ हसलो. ते हसणं ऐकून बाबांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

बाबा अजून तीन वर्षं जगले. शेवटी शेवटी ते फार मऊ झाले होते. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. वाटी डाव्या हातात, चमचा उजव्या. त्यांनी चांगल्या हातानं माझं मधलं बोट धरलं. जिथं हाड जाड जुळलं होतं तिथं अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते. तोच शब्द आला, पण असा की मला त्याचा अर्थ लावता आला असता.

मी तो लावला नाही. बोट सोडवून घेतलं, त्यांचं तोंड पुसलं आणि उरलेली पेज भरवली.

बाबा गेले तेव्हा दादा आला. उन्हाळा असूनही त्यानं कॉलरची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. अंत्यविधीचं सगळं त्यानं केलं. निघताना वहिनीनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं, ते तो उभ्यानंच प्यायला. आता तो त्या जुन्या घरात एकटाच असतो. पत्र्याची खोली पाडून तिथं त्यानं स्कूटर लावायला जागा केली आहे, असं काकींच्या सुनेनं सांगितलं. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. वहिनी उचलते. पलीकडून आवाज ओळखून तो थांबतो. तीही थांबते. मग “वन्संना देते,” एवढं म्हणून ती फोन माझ्या हातात देते आणि चकल्या तळायला परत आत जाते.